दोरीला हात लावणाऱ्याचा वाटा

आमच्या कुंपणावर लाल टॉवेल दिसला की अख्खी वाडी पाण्याचे पंप बंद करायची. टॉवेल वाळत घातलेला नसायचा. तो माझ्या आईचा, आमच्या मांयचा, निरोप असायचा: ओव्हन लावला आहे, थोडं सांभाळून घ्या.

आचऱ्याच्या बाजूला खाडीकाठी आमची वाडी आहे. वीज येते, पण दमून येते. पंखा फिरतो तेव्हा त्याची पाती मोजता येतात. तरीही मांयने मोठा इलेक्ट्रिक ओव्हन घेतला, कारण तिच्या हाताला चव आहे आणि स्वभावात हट्ट आहे. दुपारी दोन ते चार वाडी जेवून आडवी होते, तेव्हा व्होल्टेज जरा बरं असतं. त्यातच शेजारच्या आबांचा पंप बंद राहिला तर केक फुगतो. चालू झाला तर मधोमध बसतो. म्हणून टॉवेल. बदल्यात ज्याने ज्याने पंप बंद ठेवला त्याच्या घरी संध्याकाळी एकेक तुकडा जायचा. कोणी ठरवून सुरू केलेलं नव्हतं हे. सुरू झालं आणि राहिलं.

आबा कुंपणापलीकडून रोज एकदा कुरकुरायचे.

"तुज्या केकापायी माजी लाल भाजी सुकता, कळला मगो तुका?"

"मगे काल तुकडो कित्या खाल्लास?"

"भाजी सुकली, म्हणान. पोटाक काय तरी होया ना."

आबा रापणीचे तांडेल. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी एक दोर किनाऱ्यावर ठेवून समुद्रात वळसा घालते, जाळं सोडत सोडत दुसरा दोर लांबवर किनाऱ्याला आणते, आणि मग दोन्हीकडून पंचवीस-तीस माणसं ओढतात. होडी कुठे वळवायची, कुठला दोर कधी सैल सोडायचा, हे तांडेल सांगतो. आबांचा आवाज वाऱ्याविरुद्धही पोचतो. केकबद्दल कुरकुरताना तर तो चर्चपर्यंत पोचायचा.

आता माझ्याबद्दल. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. माझे पप्पा प्राथमिक शाळेत शिक्षक होते, आणि शाळा सुटली की ते पत्रकं लिहायचे. खाणींविरुद्ध, कोळशाच्या विजेविरुद्ध, किनाऱ्यावरच्या हॉटेलांविरुद्ध. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि 'बंधू-भगिनींनो' जास्त होते. मी पहिलं जोडाक्षर वाचलं ते 'तीव्र'मधलं, आणि त्याच्यापुढे 'निषेध' होतं. उरलेली पत्रकं मांय मासळी गुंडाळायला वापरायची. त्यामुळे आमच्या वाडीत पप्पांचे विचार बांगड्याबरोबर घरोघर पोचले, हे मी आजही अभिमानाने सांगते.

सावंतवाडीला कॉलेज करून मी परत आले आणि पप्पांचं पेन उचललं. त्यांच्या पत्रकांत एक मागणी वर्षानुवर्षं असायचीच: कोळसा नको, सूर्य आणि वारा घ्या. आमच्या छपरावर त्यांनी हौसेने सौर पॅनेल लावलं. त्यावर चार दिवे आणि पप्पांचा अभिमान चालतो. ओव्हन चालत नाही. देवगडच्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळी पठारावरच्या, पवनचक्क्या दाखवायला त्यांनी मला लहानपणी खास नेलं होतं. आम्ही दोघं मान वर करून उभे होतो आणि पप्पा म्हणाले होते, "ह्यो आमचो देव." घरी आल्यावर हे मांयला सांगितलं तर तिने त्यांना पाद्रींसमोर असं बोलू नका म्हणून बजावलं.

तर, मागच्या मे महिन्याची गोष्ट.

सावंतवाडीच्या तळ्याजवळ एका गृहस्थांचं केक-बिस्किटांचं दुकान आहे. त्यांनी मांयचा केक कुठल्याशा बारशाला खाल्ला होता. ते चौकशी करत घरी आले आणि म्हणाले, "केक आमच्याकडे पुष्कळ आहेत. बेबिंक करता का?"

बेबिंक म्हणजे गोव्याकडचा थरांचा गोड पदार्थ. नारळाचं दूध, अंड्यातलं पिवळं, साखर, मैदा, जायफळ. पातळ थर ओतायचा, तो वरून भाजून तपकिरी झाला की तूप लावून पुढचा ओतायचा. सात थर, अडीच-तीन तास. माझ्या आजोळी, म्हापशाजवळ, तो झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवून करायचे. मांयला तिथलाच हात मिळाला आहे. पण दर आठवड्याला चार ताटं बेबिंक निखाऱ्यांवर होत नाही. त्याला ओव्हनची वरची कॉइल लालबुंद लागते, आणि तीन तास सतत लागते. मधेच कॉइल मंदावली की थर पांढराच राहतो, पुढचा थर त्यात मिसळतो, आणि सात थरांची खीर होते.

"पाऊस लागायच्या आत एक ताट नमुना आणा," गृहस्थ म्हणाले. "सणांचा माल मला आधी ठरवावा लागतो. तुमचं जमलं तर तुमचं, नाहीतर गोव्याहून मागवतो."

 ते गेल्यावर मांयने ओव्हन पुसला. आतून, बाहेरून, मागून. मला कळलं की तिला हे काम किती हवं आहे.

तिला आशा होती त्याला कारणही होतं. आमच्या सड्यावरच्या वीज उपकेंद्रात मोठा नवा ट्रान्सफॉर्मर आला होता, आणि त्याच्यापर्यंत वीज आणणाऱ्या मोठ्या लाइनीचं काम सुरू झालं होतं. ही लाइन खाडी ओलांडून येते. खाडीच्या दोन्ही टेकड्यांवर एकेक उंच टॉवर आहे आणि मधे पाण्यावरून तारा. टॉवरच्या दोन बाजूंना तारांचे दोन संच असतात. कामगारांनी आमच्या देखत एका बाजूच्या जुन्या तारा उतरवल्या. वाडीला आता अर्ध्या लाइनीवर दिवस काढायचे होते. लाल टॉवेलचाही उपयोग होईना.

आणि त्याच वेळी मी ग्रामपंचायतीच्या फलकावर एक नोटीस वाचली. 'वाहिनीची क्षमता दुप्पट करण्याचे काम.'

दुप्पट. बास. मला पुढचं वाचायची गरज वाटली नाही. दुप्पट वीज म्हणजे दुप्पट टॉवर. दुप्पट टॉवर म्हणजे सड्यावरच्या काजूच्या बागा जाणार, खाडीत मासेमारी बंद होणार, आणि वीज जाणार कुठे तर शहरात. हा हिशेब मी फलकापासून घरापर्यंतच्या वाटेवर पूर्ण केला. संध्याकाळपर्यंत पत्रक लिहून तयार. शीर्षक: 'दुप्पट कोणासाठी?' चार मागण्या. चौथी मला सगळ्यात आवडली होती: 'ज्यांच्या डोक्यावरून तार जाते, त्यांना तिच्यात वाटा मिळालाच पाहिजे.' पप्पांनी वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले.

मांयने वाचलं आणि विचारलं, "लिवलंस बरा. पण ह्यात माजो ओव्हन खंय आसा?"

मी तिला म्हटलं की हा प्रश्न एका ओव्हनचा नाही. ती म्हणाली, "माजो एकाचोच आसा."

पत्रक गाजलं. ग्रामसभेत काजू बागायतदार उठले, रापणकर उठले, आणि ठराव झाला की पूर्ण माहिती मिळेपर्यंत काम थांबवावं. काम थांबलं. कामगार शाळेच्या पडवीत कॅरम खेळायला लागले. मी दोन दिवस वाडीतून मान ताठ करून फिरले. तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या अंगणात एक हेल्मेट घातलेली मुलगी येऊन उभी राहिली. वयाने माझ्याएवढीच, लातूरकडची, त्या कामाची इंजिनिअर. हातात माझं पत्रक.

"हे तुम्हीच लिवलंय का?"

"हो."

"लई भारी लिवलंय. पण एकच विचारते. नवे टॉवर कुठंत ते दाखवा ना मला. माझ्या नकाशात तर एकबी नाही."

मी म्हटलं, क्षमता दुप्पट होणार असं तुमचीच नोटीस म्हणते. तिने खांद्यावरच्या पिशवीतून तारेचा वीतभर तुकडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. अंगठ्याएवढा जाड, वरून ॲल्युमिनिअमच्या पात्यांनी वेढलेला, आणि मधोमध, पेन्सिलीत शिसं असावं तशी, काळी कांडी.

"टॉवर तेच. तार नवी. ही काळी कांडी कार्बनची हाय. जुन्या तारंत पोलाद असतंय. ऊन लागलं, वरनं जास्त वीज गेली, की तापून लांब होतं आणि तार खाली लोंबती. खाडीवर लोंबून कसं चालंल? खालनं होड्या जातात. म्हणून आम्ही त्या तारंतनं मुद्दाम कमी वीज सोडायचो. ही नवी तार तापली तरी फारशी लोंबत नाही. म्हणून दुप्पट."

कुंपणापलीकडून आबांचा आवाज आला. ते अर्थातच ऐकत होते. "ता खरा आसा. वैशाखात तार वाकता. आमी डोलकाठी आडवी करून तिच्याखालसून जातंव. माज्या बापाशीन दाखवल्यान माका."

मी तो तुकडा उलटसुलट करून बघितला, कुठेतरी एखादा टॉवर सापडेल म्हणून. 

मांयने पाहुणीला केक दिला. मधोमध बसलेला, फिकट. मुलीने तो बघितला, मग ओव्हनची मंद कॉइल बघितली, मग विचारलं, "कुंपणावरचा लाल टॉवेल कशाचाय?" मांयने सांगितलं. बेबिंक, सावंतवाडीचं दुकान, पाऊस लागायच्या आत नमुना, सगळं. मुलगी ऐकत राहिली आणि मग अपराध्यासारखी म्हणाली, "पाऊस लागला तर खाडीवरचं काम दिवाळीपर्यंत होत नाही, मावशी."

मांयने माझ्याकडे बघायला हवं होतं. तिने बघितलं नाही. तिने केकचं ताट उचललं आणि आत नेलं. ती मला रागावली असती तर मी भांडले असते.

त्या दुपारी इंजिनिअर बराच वेळ बसली. पप्पांनी तिची परीक्षाच घेतली. वीज लांबून आणताना वाटेत वाया जाते, मग लांबून आणायचीच कशाला, इथेच का नाही करायची? ती सांगायला लागली की व्होल्टेज वाढवलं की तेवढीच वीज कमी प्रवाहात जाते, तार कमी तापते. पप्पांना पटत होतं, पण आबांना कळेना. शेवटी मांयच आतून बोलली.

"बर्फ देवगडसून हाडतत तेचा काय करतत? फोडलेलो बर्फ टेंपोत घातलो तर हय येवसर पाणी. आख्खी लादी हाडली तर लादीच येता. येवन फोडूची."

"मावशी, हे मी पुढच्या ट्रेनिंगमध्ये सांगणार," इंजिनिअर म्हणाली. "मोठं व्होल्टेज म्हणजे लादी. उपकेंद्र म्हणजे फोडायची जागा. आता देशात अशा लाइनी हायत की काही लाख व्होल्टनं हजार-हजार किलोमीटर लादी नेत्यात. दुपारी तुमच्या ओव्हनात जी वीज यील त्यातली थोडी वाळवंटातल्या उन्हाची असंल. संध्याकाळी घाटावरच्या धरणाची. वारं असलं तर तुमच्या देवगडच्या चक्क्यांची. आता सगळं एकाच जाळ्यात हाय. ऊन एका ठिकाणी, ओव्हन दुसऱ्या ठिकाणी. मधी तार पाहिजे."

 पप्पा गेली वीस वर्षं सूर्य मागत होते. सूर्य आमच्या वाडीपर्यंत आणायला तार लागते, हे आमच्या घरातल्या एकाही पत्रकात नव्हतं.

मी त्याच दिवशी दुसरं पत्रक लिहायला बसले. पप्पा दारात उभे राहिले.

"पत्रकाची दुरुस्ती कोण काडीत नाय. नवीन पत्रक काडतत. जुन्याचा नावय घेनत नाय."

"जुनं चूक होतं की नाही ते सांगा."

 मी लिहिलं: 'माझं चुकलं.' खाली सोप्या भाषेत, टॉवर तेच, तार नवी, काजूचं एकही झाड जाणार नाही, मी नोटीस पुरती वाचली नव्हती. चार मागण्यांपैकी तीन मागे घेतल्या. चौथी ठेवली, वाट्याची. ती मला अजूनही बरोबर वाटत होती, फक्त तो वाटा म्हणजे नेमकं काय, हे मलाही सांगता येत नव्हतं.

पप्पांनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला. मग म्हणाले, "हेडिंग बारीक झाला."

"म्हणजे?"

"पयल्या पत्रकाचा हेडिंग केवढा होता? तेवढ्याच अक्षरांत ह्या छापूचा. चूक मोठ्या टायपात नि माफी बारीक टायपात, तसा आमच्या घरात चलाचा नाय."

मी त्यांना त्या दिवशी मिठी मारली असती, पण आमच्या घरात तसंही चालत नाही.

ग्रामसभा परत बसली. थोडी हसाहस झाली. एका काजूवाल्याने विचारलं, "पुढच्या टायमाक आधी माफी छापतलंस की आधी निषेध?" ठराव मागे घेतला गेला. कामगारांनी कॅरम गुंडाळला. पण मधे आठ दिवस गेले होते, आणि आकाशात ढग गोळा व्हायला लागले होते.

एरवी जुन्या तारेलाच नवी तार बांधून ओढून घेतात. पण खाडीवरची जुनी तार खाऱ्या वाऱ्याने इतकी खाल्ली होती की ती आधीच उतरवून टाकली होती. आता एका टॉवरवरून दुसऱ्यावर आधी बारीक नायलॉन दोरी न्यायची, तिला जाड दोर बांधायचा, जाड दोराला तार, आणि ती मशीनने ओढायची. बारीक दोरी नेण्यासाठी त्यांच्याकडे ड्रोन होता. अख्खी वाडी बघायला जमली. ड्रोन टेकडीवरून उठला, दोरी मागे सोडत खाडीवर आला, आणि पलीकडच्या सुरूच्या झाडांतून पांढऱ्या डोक्याची एक घार निघाली. तिचं घरटं तिथेच होतं. तिने एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि तिसऱ्यांदा वरून अशी धडक दिली की ड्रोन गिरकी घेत पाण्यात गेला.

पाण्यावर नुसते बुडबुडे राहिले.

"ह्या पाखराक त्या पाखराचो राग इलो," आबा म्हणाले.

इंजिनिअर टेकडीवरून धावत खाली आली. दुसरा ड्रोन कोल्हापूरहून यायला आठ दिवस. तिने आकाशाकडे बघितलं, मग मांयकडे बघितलं, आणि दगडावर बसली. मांय पदराने घाम पुसत होती, पुसून झाला तरी पुसत होती.

तेवढ्यात आबा म्हणाले, "दोरी ह्या काठावरसून त्या काठार न्यावची, आणि दोनय बाजूंनी सारखी ओढूची. एवढाच मा?"

"हां. पण पाण्यात खडकाला अडकली तर तुटंल. एका बाजूनं जास्त ओढली तरी तुटंल. आणि फक्त बारीक दोरीच हातानं, बाकी सगळं मशीन. जाड दोर लागला की सगळ्यांनी लांब व्हायचं."

आबा हसले. "बाय, आमी चाळीस वर्सां हीच नोकरी करतंव. फरक इतकोच, आमच्या दोरीक मासे आसतत."

तिने विचार केला, फोनवर वरिष्ठांशी बोलली, आबांना दहा प्रश्न विचारले, प्रत्येकाला लाइफ जॅकेट घालायला लावेन म्हणाली. आबा सगळ्याला हो म्हणाले. मग ते म्हणाले, "पण रापणीचो एक नियम आसा. दोरीक हात लावल्यान, तेका वाटो. वाटेनं जाणाऱ्यान हात लावल्यान तरी वाटो. हो नियम मोडून आमी दोरी ओढूचंव नाय."

"वाटा?" ती गोंधळली. "विजेचा वाटा मी कसा देणार? माझ्या हातात नाही ते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चौथी मागणी माझी होती. मी मांयकडे बघितलं. तेव्हा मांय पुढे झाली.

"वाटो मी देतलंय. दोरीक हात लावतलो तेका बेबिंकेचो एकेक तुकडो."

"तुज्या ओव्हनाक वीज नाय," आबा म्हणाले.

"म्हणान नीट ओढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, भरतीचं पाणी चढून थांबलं तेव्हा होडी सुटली. आबा पुढे उभे, नारिंगी जॅकेट त्यांच्या पोटावर बंद होत नव्हतं. होडीने सरळ जायचं टाळलं. रापणीसारखा वळसा घेतला, खडकांच्या वरच्या अंगाने, दोरी ढिली सोडत. पलीकडच्या काठावर दुसरी टोळी उभी होती. दोरीचं टोक पोचलं, दोन्ही टॉवरांवर चढलेल्या कामगारांनी आपापल्या बाजूचं टोक कप्पीतून घेतलं, आणि आबांनी होडीतूनच हात वर केला.

मग ओढणं सुरू झालं. घाई नाही. एका सुरात, एक पाऊल मागे, थांबा, एक पाऊल मागे. दोरी पाण्यातून निघताना थेंबांची लांबच लांब झालर दिसायची. मी आमच्या काठावरच्या टोळीत होते. माझ्यामागे पप्पा. आमच्यामागे काजूवाले. पोस्टमन सायकल टाकून आला. पाद्री आले, म्हणाले मी नुसता बघायला आलोय, आणि नियम आठवून दोन बोटं लावून गेले. वाट्याची बातमी पसरली तसे ओढणारे वाढतच चालले. शेवटी शेवटी दोरीला इतके हात होते की इंजिनिअरला ओरडावं लागलं, "अहो, बारीक दोरी हाय, तिला एवढी माणसं नको."

"तू लावलंस काय हात?" आबांनी होडीतून विचारलं.

तिने हेल्मेट सावरलं, हातमोजे चढवले आणि लावला.

दोरी पाण्याच्या वर आली, झाडांच्या वर गेली, आणि दोन टेकड्यांमधे ताणून उभी राहिली. घार वरून एक चक्कर मारून गेली. दोरीबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

पुढचं काम मशीनचं होतं आणि ते आम्ही लांबून बघितलं. पाच दिवसांनी नव्या तारांत वीज सोडली. कुठे ठिणगी नाही, आवाज नाही. फक्त आमच्या पंख्याची पाती दिसेनाशी झाली.

मांयने त्या दिवशी अंडी मोजलीच नाहीत. शेजारणी नारळ खवायला बसल्या. सकाळी सहा ताटांचा पहिला घाणा आत गेला. कॉइल लाल झाली, नुसती लाल नाही, रागावल्यासारखी लाल. मांय काचेला नाक लावून उभी राहिली. पहिला थर तपकिरी. तूप. दुसरा. तिसरा. आबा कुंपणाशी येऊन उभे होते, पंपाच्या बटणाजवळ, हात मागे बांधून.

दुपारपर्यंत सहाही ताटं झाली. मांयने सुरी फिरवून पहिला तुकडा काढला आणि उजेडात धरला. सात रेघा, वहीच्या पानावरच्यासारख्या.  मग मला बोलावून दाखवला.

वाटे सुरू झाले. अंगणात रांग. पप्पा वहीत नावं लिहीत नव्हते, कारण रापणीत नावं लिहीत नाहीत, हात लावल्याचं ज्याचं त्याने सांगायचं. खोटं कोणी सांगितलं असं मला तरी वाटत नाही. कमी सांगणारे एकच, पाद्री. ते म्हणाले दोन बोटांचा अर्धाच तुकडा द्या. मांयने त्यांना पूर्ण दिला. इंजिनिअरला तिच्या तुकड्याबरोबर आबांनी सहा बांगडे पण दिले, पिशवीत बर्फ घालून. लातूरच्या मुलीला बांगडा साफ करता येत नाही हे तिने तेव्हाच कबूल केलं आणि ते बांगडे आमच्याच घरात तळले गेले.

शेवटचं ताट संपता संपता गेटाशी गाडी थांबली. सावंतवाडीचे गृहस्थ. मांयने त्यांना फोन करून नमुना आणते सांगितलं होतं, पण ते देवगडला आंब्याच्या कामाला निघाले होते, म्हणून स्वतःच वळले.

"कुठाय नमुना?"

मांयने ताटाकडे बघितलं. ताटात दोन तुकडे होते. एक पलीकडच्या काठावर टपाल वाटायला गेलेल्या पोस्टमनचा, एक माझा.

"नमुन्याचा ताट ओव्हनात आसा. दोन तास थांबा," ती म्हणाली.

"तेवढा वेळ नाही, देवगडला पोचायचंय. त्यातला एक द्या की."

मला वाटलं ती देईल. एवढे दिवस ती ह्याच माणसाची वाट बघत होती. पण ती म्हणाली, "ते वाट्याचे आसत. दोरीक हात लावलेल्यांचे. तुमी हात लावूक नाय." आणि हे तिने ज्या आवाजात सांगितलं तो मी ओळखला. आमच्या घरात तो आवाज पत्रकांत असतो. मला आजवर वाटायचं की तो फक्त पप्पांकडून माझ्याकडे आलाय.

मी माझा तुकडा उचलून गृहस्थांच्या हातावर ठेवला. काम आठ दिवस मीच अडवलं होतं, तेवढं तरी मला करायचं होतं.

"तू खाल्लंस काय?" मांयने विचारलं.

"पुढच्या ताटातलं खाईन."

गृहस्थांनी आधी थर मोजले. मग एक थर बोटांनी अलगद सोडवून खाल्ला, मग दुसरा. बेबिंक खायची ती खरी रीत. ते काही बोलायच्या आतच कुंपणापलीकडून आवाज आला.

"गो, दुसरो घाणो आत आसा मा?"

"आसा. तिसऱ्या थरार."

"मगे पंप लावू काय?"

मांयने ओव्हनकडे बघितलं. कॉइल लालबुंद होती. गृहस्थ खायचे थांबले, काय चाललंय ते त्यांना कळेना.

"लाव," मांय म्हणाली.

पंप धडधडत सुरू झाला. आम्ही सगळे, गृहस्थांसकट, ओव्हनच्या काचेसमोर जमलो. कॉइल हलली नाही. थर हळूहळू कडेने तपकिरी व्हायला लागला. आबांच्या भाजीवर पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"आठवड्याला चार ताटं," गृहस्थ म्हणाले. "सोमवारपासून जमेल?"

मांयने थर बघितला, तुपाची वाटी उचलली आणि म्हणाली, "जमतला. जरा बाजूक होवा, चौथो ओतूचो आसा."